काटा उतरतो, पण घटते काय?

घरचे लग्न महिन्यावर आले, की अनेक जण पोळी-भात बंद करून काकडी आणि ताकावर दिवस काढतात. आठवडाभरात वजन दोन-तीन किलोंनी उतरते आणि हुरूप येतो. मात्र या घटीत चरबी थोडी, पाणीच जास्त असते. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असते. उपासमारीत हा साठा आधी संपतो. पुढे स्नायूही झिजतात आणि शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते. त्यामुळे नेहमीचे जेवण सुरू होताच वजन परत वाढते. झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो घट सुरक्षित मानली जाते. त्यासाठी ताटातली एक पोळी कमी करून उसळ, वरण आणि भाजी वाढवावी. तळण आणि चहातली साखर कमी करावी. रोज अर्धा तास भरभर चालावे. स्नायू टिकवण्यासाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम करावेत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये. रक्तातील साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.