देवी तिथीने, पेरणी नक्षत्राने

खामगावची मोठी देवी कोजागरीला बसते. २०२३ साली कोजागरी २८ ऑक्टोबरला आली, २०२५ साली ६ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा हा फरक सणाला चालतो. सरकीला तो चालत नाही. म्हणून गावाबाहेरच्या काळ्या रानात तिथी कोणी विचारत नाही, "मिरग कधी लागतो?" असे विचारतात.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे ऋतुचक्राहून अकरा दिवस तोकडे. साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून ते सावरावे लागते. तोवर तिथी ऋतूच्या मागेपुढे होत राहतात. शेतकऱ्याने यावर सूर्याचा आधार शोधला. आकाशाच्या वाटेचे सत्तावीस भाग म्हणजे सत्तावीस नक्षत्रे. सूर्य एकेका भागात तेरा-चौदा दिवस राहतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ८ जूनच्या आसपास मृग म्हणजेच गावाचा मिरग, २२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य असे करत सप्टेंबरअखेर हस्त. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. गंमत अशी, की मृगाच्या पावसात मृगाच्या चांदण्या दिसत नाहीत. सूर्यच त्यांच्याजवळ असतो. त्या पाहायच्या तर थंडीतल्या रात्री.

दूर इराक-इराणच्या नद्यांकाठी राहत आलेल्या मँडियन लोकांचे वर्ष यासोबत ठेवून पाहावे. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच पवित्र दिवस, एकूण ३६५. लीप दिवस नाही. महिन्यांना राशींची नावे आहेत, पण दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरत ते महिने आपापल्या राशींपासून निसटले. आपल्या पारशी बांधवांच्या शहेनशाही वर्षाचा हिशेबही असाच. २०२३ चा त्यांचा नवरोज १६ ऑगस्टला होता, २०२४ चा १५ ला.

आपली नक्षत्रे उलट पुढे सरकतात, पण फार हळू. साधारण सत्तर वर्षांत एक दिवस. १८७० साली कापूस वाहण्यासाठी जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, तेव्हा मृग आजच्यापेक्षा सुमारे दोन दिवस आधी लागत असे. एवढी टिकाऊ मोजणी अक्षरओळख नसलेल्या माणसांनी तोंडपाठ ठेवली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पावसाच्या अंदाजासाठी सांगतात त्या नक्षत्रांच्या वाहनांची गोष्ट मात्र वेगळी. सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि नवाने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, तीन तर बेडूक, सात तर म्हैस, शून्य तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस, असा समज. या भागाकारात समुद्रावरचा वारा कुठेच येत नाही. खामगावच्याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला पावसा-पिकांचे भाकीत सांगणारी घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटेचे भाकीत ऐकायला दुरून शेतकरी येतात. त्यामागची काळजी खरी आहे, पण काळजी म्हणजे अंदाज नव्हे.

नक्षत्र वेळ सांगते, पाऊस सांगत नाही. मिरग लागला की वखरणी उरकावी, बियाणे तपासून ठेवावे. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल उतरल्यावरच करावी. दुबार पेरणीचा खर्च कोणतेच वाहन भरून देत नाही.