श्रीलंकेचे दुखणे घरचेच

श्रीलंकेच्या दिवाळखोरीचा विषय निघाला की आपल्याकडे हंबनटोटा बंदराचे नाव हटकून पुढे येते. २०१७ साली ते एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, हे खरेच. परंतु एप्रिल २०२२ मध्ये ज्या परकीय कर्जाची फेड कोलंबोने थांबवली, त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा नव्हे, तर आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या सरकारी रोख्यांचा होता. चीनकडे बोट दाखविणे सोयीचे आहे, एवढेच.

खरे दुखणे घरचे होते. २०१९ च्या अखेरीस सत्तेवर येताच गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. (करकपातीने महसूल वाढतो, असे सांगणारे पंडित सर्वत्र असतातच!) तिजोरी आटली. पाठोपाठ महासाथीने पर्यटक आटले, पतमापन संस्थांनी देशाची पत उतरवली, आणि नवे रोखे विकून जुने फेडण्याची वाटच बंद झाली. त्यात २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. ती त्याच वर्षी उठवावी लागली, पण तोवर भात आणि चहा या दोन्ही पिकांना फटका बसला होता.

मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर केले. २०२४ पासून तोच कर १८ टक्के झाला. श्रीमंतांनाही मिळालेल्या सवलतीची वसुली आता चहामळ्यातील मजुराच्या खरेदीतून होत आहे. अटी सौम्य करू म्हणणारे अनुरा कुमार दिसानायके २०२४ साली अध्यक्ष झाले. त्यांनाही अर्थसंकल्प त्याच चौकटीत मांडावा लागला.