ग्रंथालयातून लेण्याकडे : शिरवळच्या लेण्यांचा अभ्यास कसा करावा

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात दरवर्षी ३ जानेवारीस नायगाव येथे मोठा जनसमुदाय जमतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली याच गावी झाला. परंतु याच तालुक्यात शिरवळजवळच्या डोंगरात भिक्खुसंघाची प्राचीन वसतिस्थाने आहेत, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते तेही त्या जागेस ‘पांडवदरा’ म्हणतात. लेणी कोरणारे विस्मृतीत गेले आणि पांडव तेवढे उरले. अशा स्थळी पर्यटकांची सोय करावी, वाट बांधावी, बाग फुलवावी अशा सूचना आपले तरुण उत्साहाने करतात. आमचे म्हणणे एवढेच की, कुदळ हाती घेण्यापूर्वी ग्रंथालयाची पायरी चढावी.

पहिली अडचण नावाचीच आहे. ग्रंथसूचीत ‘खंडाळा’ हा शब्द शोधला असता बोरघाटातील खंडाळा प्रथम हाती येतो आणि त्याच्यामागोमाग कार्ले व भाजे येतात. तो पुणे जिल्हा होय. आमच्या एका विद्यार्थ्याने या गोंधळात दोन दिवस घालविले. तेव्हा शोध तालुक्याच्या नावाने न घेता ‘शिरवळ’ या नावाने घ्यावा. जुन्या इंग्रजी ग्रंथांत या नावाचे स्पेलिंग एकसारखे नसते, म्हणून दोन-तीन प्रकारे पाहावे. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये आजच्या तालुक्यांच्या सीमा नाहीत. त्या काळी खंडाळा हा वाई तालुक्याचा पेटा होता, हेही ध्यानी ठेवावे.

दुसरा टप्पा वास्तुवर्णनाचा. फर्ग्युसन व बर्जेस यांचा ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ (१८८०) हा ग्रंथ आणि वरील गॅझेटिअर यांत शिरवळच्या लेण्यांची नोंद आहे. समूह सुमारे पंधरा लेण्यांचा. चैत्यगृह लहान, मागील बाजूस चौकोनी, स्तंभांविना. आत साधा स्तूप. विहारांत भिक्खूंच्या खोल्या व दगडी ओटे. कुडा व कऱ्हाड येथील साध्या लेण्यांशी त्यांचे नाते जुळते. कऱ्हाडच्या एका लेण्यातील शिलालेखात गोपालपुत्र संघमित्र याने दिलेल्या लेण्याच्या दानाची नोंद आहे. बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ च्या लेखसंग्रहात असे दानलेख वाचावयास मिळतात. त्यांतील ‘देयधम्म’ हा शब्द पाहिला की पांडवांच्या कथेस वेगळे उत्तर देण्याची गरज राहत नाही. दाते गृहस्थ, व्यापारी, भिक्खू, भिक्खुणी, अशी हाडामांसाची माणसे होती.

शतकापूर्वीच्या ग्रंथातील माप आजही तसेच असेल असे मात्र गृहीत धरू नये. दगड झिजतो, दरड कोसळते, पाण्याचा प्रवाह बदलतो. या जुन्या वर्णनाचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे : तेव्हा काय होते, आज काय उरले, आणि मधल्या काळात काय गेले.

तिसरा टप्पा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्थळरचनेविषयी तिपिटकात स्पष्ट विचार आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय व गुहा या पाच निवासांस तथागतांनी अनुमती दिल्याचे येते. तेथेच अनाथपिंडिक भगवंतांसाठी जागा शोधतो ती कसोटी आहे : गावापासून फार दूर नाही, फार जवळही नाही, येण्याजाण्यास सोयीची, दिवसा गर्दी नसलेली, रात्री निःशब्द. या कसोटीतून जेतवन निवडले गेले. नालंदेची देवनागरी आवृत्ती आपल्या अनेक ग्रंथालयांत आहे. तीत हा भाग मुळातून वाचावा.

आता भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा उघडून ही कसोटी शिरवळला लावून पाहावी. नीरेचे खोरे, खंबाटकीच्या घाटाकडे जाणारी वाट, भिक्षेसाठी पोहोचता येईल अशी वस्ती आणि त्यांपासून किंचित बाजूस असलेली डोंगराची घळ. ही निवड योगायोगाची नव्हती. लेणे म्हणजे केवळ कोरलेला दगड नव्हे; त्याभोवतीची शांतता, पाणी व पायवाट हीदेखील त्या वास्तूचीच अंगे होत.

यावरून आजच्या रचनेचा निर्णय आपोआप निघतो. वाहनतळ पायथ्याशी, गावाजवळ असावा. लेण्यांच्या तोंडाशी नसावा. पाण्याच्या जुन्या वाटा सिमेंटने बुजवू नयेत. झाडे स्थानिक असावीत आणि त्यांची मुळे खडकाच्या भेगांत शिरणार नाहीत इतक्या अंतरावर लावावीत. ध्वनिक्षेपकास तेथे स्थान नसावे. स्तूपास रंग लावणे ही श्रद्धा नसून हानी आहे. माहितीफलकावर लेण्याचे खरे स्वरूप मराठीत लिहावे, आणि संबंधित खात्याच्या परवानगीवाचून कोणतेही काम करू नये.

हे ग्रंथ पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये व मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पाहता येतात. जुने गॅझेटिअर तर आता संगणकावरही उपलब्ध आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले, याचा अर्थ आपण ग्रंथांपुढे केवळ हात जोडावेत असा नाही. येत्या ३ जानेवारीस नायगावी अभिवादन करून शिरवळच्या डोंगराकडे वळताना पिशवीत जुन्या वर्णनाची एक प्रत व मोजपट्टी असावी. जे आपण मोजून लिहून ठेवू, ते पुढच्या पिढीस पांडवांच्या नावे ऐकावे लागणार नाही.