ग्रबचा मेनू आला नाही तर

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू ठेवणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येते. विंडोजचं मोठं अपडेट होतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि कुठली सिस्टिम हवी हे विचारणारा ग्रब या बूट लोडरचा मेनू येतच नाही. थेट विंडोज उघडतं. दुकानात नेलं तर ‘फॉरमॅट मारावं लागेल’ असं ऐकायला मिळतं. कॉलेजच्या मुलांचं वर्षभराचं प्रोजेक्ट अशा विनाकारण केलेल्या फॉरमॅटमध्ये जातं, याचं फार वाईट वाटतं. उबुंटूच्या फायली डिस्कवर जागच्या जागी असतात. तुटलेला असतो तो फक्त सुरुवातीचा एक दुवा, आणि तो घरच्या घरी जोडता येतो.

बटण दाबल्यावर काय होतं

जुन्या बायोसच्या मशीनवर डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचला जायचा. त्यातले ४४६ बाइट बूट लोडरच्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. तिथे एकाच लोडरची सुरुवात मावते. त्यामुळे विंडोज नंतर टाकलं की ग्रबचा कोड खरोखरच पुसला जायचा.

आताच्या युईएफआय फर्मवेअरच्या मशीनवर तसं नसतं. डिस्कवर फॅट३२ प्रकारचं एक छोटं पार्टिशन असतं, त्याला ईएसपी म्हणतात. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘उबुंटू’ अशी दोन फोल्डरं शेजारी-शेजारी असतात, प्रत्येकात आपापला लोडर. कोणता आधी चालवायचा याची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. अपडेटनंतर बहुतेक वेळा फाइल जात नाही, या यादीतला क्रम बदलतो.

हात लावण्याआधी

विंडोजवर बिटलॉकर हे डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा आपल्याला न कळत चालू झालेलं असतं. बूटची मांडणी किंवा सिक्युअर बूट (सही असलेलाच लोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) बदललं की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसेल तर विंडोजमधला डेटा खरंच हाताबाहेर जातो. ती की आधी कागदावर उतरवून घ्या. यात आळस करू नका.

नक्की काय बिघडलंय

सुरू होताना बूट मेनूची की दाबा. डेल आणि लेनोवोवर ती साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत ‘उबुंटू’ दिसलं तर ते निवडून बघा. चालू झालं तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला पहिल्या क्रमांकावर न्या. काम संपलं.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून कर्सर थांबला असेल, तर ग्रब सुरू झालाय पण त्याला स्वतःच्या उरलेल्या फायली सापडत नाहीत. पार्टिशन लहानमोठं केल्यावर किंवा मधलं एखादं उडवल्यावर क्रमांक बदलतात, तेव्हा हे होतं. इथे ‘एल एस’ टाइप करा. कंसात ‘एचडी०, जीपीटी१’, ‘एचडी०, जीपीटी२’ अशी नावं येतील. एकेका नावापुढे तिरपी रेघ देऊन पुन्हा ‘एल एस’ करत जा. विंडोजच्या पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टम’ असं उत्तर येईल, घाबरू नका. ज्याच्यात ‘बूट’, ‘होम’, ‘ईटीसी’ ही नावं दिसतील ते उबुंटू. मग ‘सेट’ वापरून ‘रूट’ला ते पार्टिशन आणि ‘प्रीफिक्स’ला त्याच्यातलं बूटखालचं ग्रब फोल्डर द्या, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. मेनू समोर येईल. पण ही सोय तेवढ्या वेळेपुरती. उबुंटूत शिरल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलंत तरच ती टिकते.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

बूट मेनूत ‘उबुंटू’ची नोंदच नसेल, तर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा. पेनड्राइव्ह युईएफआय मोडमध्येच सुरू करा, नाहीतर ग्रब जुन्या पद्धतीने बसवला जाईल. सिस फोल्डरातल्या फर्मवेअरखाली ‘ईएफआय’ दिसत असेल तर मोड बरोबर आहे.

टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’चा पर्याय देऊन पार्टिशनं बघा. ‘ईएक्सटी४’ दिसेल ते उबुंटू, ‘व्हीफॅट’ ते ईएसपी, ‘एनटीएफएस’ ते विंडोज. एनटीएफएसला हात लावायचा नाही, आणि ईएसपी कुणी काहीही सांगितलं तरी फॉरमॅट करायचं नाही, कारण विंडोजचा लोडरही तिथेच आहे.

आता उबुंटूचं पार्टिशन ‘एमएनटी’वर माउंट करा आणि त्याच्या आतल्या बूटखालच्या ‘ईएफआय’वर ईएसपी. मग चालू सिस्टिमची डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही फोल्डरं आत जोडा. सिस जोडताना साधं ‘बाइंड’ न वापरता ‘आरबाइंड’ वापरा. साध्या जोडणीत फर्मवेअरची यादी आत येत नाही, आणि मग ईएफआय व्हेरिएबल्स सापडत नाहीत अशी तक्रार करत ग्रब नवी नोंद लिहीतच नाही. एवढं झालं की ‘सीएच-रूट’ने आत शिरा आणि त्याच दोन कमांड द्या: ‘ग्रब-इन्स्टॉल’, ‘अपडेट-ग्रब’.

टर्मिनल नकोसं वाटत असेल तर ‘बूट-रिपेअर’ नावाचं साधन हेच सगळं बटणावर करतं. तरी माझं मत हाताने करण्याकडेच झुकतं. काय कुठे लिहिलं जातंय ते डोळ्यांनी दिसतं.

मेनू आला, पण विंडोज नाही

दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर २०२१ मधल्या ग्रब २.०६ पासून मुळातच बंद ठेवलेला असतो. ईटीसीतल्या डिफॉल्टखालच्या ‘ग्रब’ फायलीत ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ला ‘फॉल्स’ करा आणि पुन्हा ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

सिक्युअर बूटने अडवलं तर

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेकांचं उबुंटूसारखं लिनक्स ‘शिम एसबॅट’ची तपासणी फसली असं सांगून बंद पडलं. तिथे ग्रब पुन्हा बसवून काही होत नव्हतं, कारण ग्रबच्या आधी चालणारा छोटा लोडर, म्हणजे जुनं शिमच, नाकारलं जात होतं. तसा संदेश दिसला तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटूत जाऊन ‘मोकयूटिल’ने एसबॅटचं धोरण काढून टाका आणि सिस्टिम पूर्ण अपडेट करून नवं शिम येऊ द्या. एकदा रीस्टार्ट करून उबुंटू नीट उघडतंय हे पाहिलं की सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.