पुस्तकी इंग्रजी आणि बोलण्यातले इंग्रजी



१९८८ सालची गोष्ट आहे. मी नुकताच बी. ए. झालो होतो. मुंबईतील एका खासगी कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी मला मुलाखतीचे पत्र आले. इस्त्रीचा शर्ट घालून आणि प्रमाणपत्रांची पिशवी काखेत धरून मी तासभर आधीच तेथे हजर झालो. स्वागतकक्षातील बाईंनी पत्र पाहिले आणि त्या म्हणाल्या, “द इंटरव्ह्यूज हॅव बीन पुट ऑफ.” त्यातला ‘ऑफ’ मला कळला. दिवा ऑफ, पंखा ऑफ, तशी मुलाखतही ऑफ, म्हणजे रद्द, असा अर्थ मी घेतला. ‘थँक यू’ म्हणालो आणि रात्रीच्या गाडीने गावी निघून आलो. मुलाखत रद्द झाली नव्हती, फक्त दोन दिवस पुढे ढकलली होती, हे मला महिन्याने कळले. तोवर जागा भरली गेली होती.

त्या बाईंनी ‘पोस्टपोन्ड’ असा शब्द वापरला असता तर मला तत्काळ समजले असते. ‘पोस्टपोन’चे स्पेलिंग, भूतकाळ, कर्मणी प्रयोग हे सारे मला पाठ होते. म्हणजे अवघड शब्द येत होता आणि सोपा येत नव्हता! पुढे शिक्षक झाल्यावर माझ्या लक्षात आले की हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही. आमच्या पिढीने पाचवीपासून इंग्रजी शिकले, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तरीही परीक्षेत चांगले गुण मिळवणारा मुलगा दोन माणसांचे साधे बोलणे ऐकताना अडखळतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो.

इंग्रजीत पुट, गेट, टेक, गिव्ह, लुक, टर्न अशी रोजच्या वापरातील छोटी क्रियापदे आहेत. त्यांना अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ यांसारखा एखादा छोटा शब्द जोडला की नवेच क्रियापद तयार होते. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. ‘टर्न’ म्हणजे वळणे, पण ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणे. अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकापासून हे नाव रूढ होत गेले, पण अडचण फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले होते की परकीयांना या जोड्या सर्वांत कठीण जातात. म्हणून आपल्याला त्या कठीण वाटल्या तर त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आता एकाच अर्थासाठी दोन शब्द का, हे पाहू. त्याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे सुमारे तीनशे वर्षे दरबार आणि वरिष्ठ वर्ग यांची भाषा फ्रेंच राहिली. धर्म आणि विद्या यांची भाषा लॅटिन होती. शेतात राबणारा माणूस मात्र आपले जुने इंग्रजीच बोलत राहिला. मेंढीचे नाव ‘शीप’ हे राबणाऱ्यांच्या भाषेतले, तर तिच्या मांसाचे ‘मटन’ हे नाव फ्रेंचमधून आलेले. ‘पिग’ आणि ‘पोर्क’ यांचेही तसेच. पाळणाऱ्याचा शब्द एक, ताटावर बसणाऱ्याचा दुसरा! अखेर १३६२ साली कायदा करावा लागला की न्यायालयातील कामकाज इंग्रजीतून चालावे, कारण लोकांना फ्रेंच समजत नव्हती.

या घडामोडीतून इंग्रजीला दोन थर मिळाले. गेट, गिव्ह, टेक, पुट ही जुनी, घरची क्रियापदे. पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट हे लॅटिन घराण्यातले, ग्रंथांचे आणि कचेरीचे शब्द. ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’, ‘पुट अप विथ’ आणि ‘टॉलरेट’, ‘लुक इंटू’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ या जोड्यांचा अर्थ जवळपास सारखाच आहे. घरात व मित्रांत पहिला शब्द चालतो, अर्जात व निबंधात दुसरा शोभतो.

हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. आपण बोलताना ‘पुढे ढकलले’ म्हणतो, सरकारी पत्रात ‘स्थगित करण्यात आले’ असे असते. घरी ‘सोसले’ म्हणतो, पुस्तकात ‘सहन केले’ असते. आपल्यापैकी अनेकांना पहिलीत असताना पुस्तकातली मराठीही परकी वाटली होती. घरची बोली तोंडात होती, ग्रंथाची भाषा कष्टाने शिकावी लागली. इंग्रजीच्या बाबतीत नेमके उलटे झाले आहे. ग्रंथाची भाषा हाती आली, पण घरची बोली कोणी ऐकवलीच नाही. कारण घरी इंग्रजी बोलणारे कोणी नव्हते. ही आपल्या बुद्धीची उणीव नसून ऐकण्याची संधी न मिळाल्याचा परिणाम आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे अशी जोड क्रियापदे मराठीतही भरपूर आहेत. ‘तो भलतेच बोलून बसला’ यात कोणी खाली बसत नाही. ‘सगळा भात खाऊन टाकला’ यात काही टाकलेले नसते. येथे ‘टाकणे’ म्हणजे काम पुरते संपवणे. इंग्रजीत हेच काम पुष्कळदा ‘अप’ करते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘टिअर अप’ म्हणजे फाडून टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. हे साम्य ध्यानात घेतले की अर्धी भीती जाते.

इतर छोट्या शब्दांचाही असाच कल असतो. ‘ऑन’मध्ये पुष्कळदा चालू ठेवण्याचा अर्थ असतो: ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’. ‘ऑफ’मध्ये दूर होण्याचा किंवा दूर ठेवण्याचा: ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे काम पुढे लोटणे. मुलाखत खरोखर रद्द झाली असती तर शब्द आला असता ‘कॉल ऑफ’. ‘आउट’मध्ये बाहेर काढण्याचा किंवा संपण्याचा अर्थ येतो: ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचे संपून जाणे. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ याचा क्रिकेटशी संबंध नाही, घरातली साखर संपली एवढेच. मात्र हे कल आहेत, पक्के नियम नव्हेत. खात्री करण्यासाठी कोश पाहावाच लागतो.

एक नियम मात्र उपयोगाचा आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण नामाऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ हे चूक. उलट ‘लुक आफ्टर’सारख्या काही जोड्या फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर हर’ हे बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ हे चूक. म्हणून जोडी शिकताना तिचे वाक्यही शिकावे.

आता वाक्प्रचारांविषयी. ‘माझे डोके खाऊ नको’ याचे ‘डोंट ईट माय हेड’ असे भाषांतर केले तर इंग्रज माणूस घाबरेल. तसेच त्यांच्या वाक्प्रचारांचेही शब्दशः भाषांतर होत नाही. ‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे केकचा तुकडा नव्हे, आपण म्हणतो तो डाव्या हातचा मळ. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे कानाडोळा करणे. त्यांनी एक डोळा आंधळा केला, आपण कानाचा डोळा केला, मतलब एकच!

येथे दोन सूचना कराव्याशा वाटतात. निबंधात वाक्प्रचारांची खैरात करू नये. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्या मार्गदर्शिकांत हटकून असते, पण रोजच्या बोलण्यात ते आता क्वचितच ऐकू येते. ‘इट इज रेनिंग हेविली’ एवढे पुरते. दुसरी सूचना अशी की काही प्रयोग भारतात एका अर्थाने चालतात आणि बाहेर दुसऱ्या. आपल्याकडे ‘आय पास्ड आउट इन २०१९’ म्हणजे मी त्या वर्षी पदवीधर झालो. इंग्लंड-अमेरिकेच्या सामान्य बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणे. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणणे बरे.

अभ्यास कसा करावा, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. माझा अनुभव असा:

१. शंभर जोड्यांची यादी घोकू नये. रोज तीनच घ्याव्यात. महिन्याला नव्वद होतात.

२. प्रत्येक जोडीचे वाक्य स्वतःच्या आयुष्यातले करावे. ‘माय मदर गेट्स अप ॲट फाइव्ह’, ‘आय लुक आफ्टर माय लिटल ब्रदर’. आपली आई आणि आपला भाऊ वाक्यात आला की ते विसरत नाही.

३. शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला कोश वापरावा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असत. परभाषकांच्या अडचणी ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. १९४८ साली तो ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात. त्यात ‘गिव्ह अप’ शोधायचे असेल तर ‘गिव्ह’ या शब्दाखाली शेवटी पाहावे. आज असे कोश मोबाइलवरही मिळतात आणि उच्चारही ऐकवतात.

४. अभ्यासिकेत चार-पाच जणांनी रोज पंधरा मिनिटे मोठ्याने बोलावे. चुकल्यास हसू नये, दुरुस्त करावे.

वडीलधाऱ्या सभासदांनाही एक विनंती आहे. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी संध्याकाळी मुलाला एवढेच विचारावे, “आज कोणते तीन शब्द शिकलास? त्याचा अर्थ मला सांग.” दुसऱ्याला समजावून सांगताना शिकलेले पक्के होते.

शेवटी, मित्रांनो, सर्वांत आधी एक वाक्य पाठ करा: ‘सॉरी, व्हॉट डझ दॅट मीन?’ म्हणजे, माफ करा, याचा अर्थ काय? न समजलेले विचारण्यात कमीपणा नाही. १९८८ साली मी हे एक वाक्य उच्चारले असते तर नोकरी मिळालीच असती असे म्हणवत नाही, पण मुलाखत नक्कीच देता आली असती. ती संधी मी न विचारल्यामुळे गमावली. आपण गमावू नये, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.