मोटारींतील फेरबदल आणि बोल्टाची निवड

नवी मोटार घरीं आली कीं पहिले कांहीं महिने ती जशी आली तशीच वापरली जाते. पुढें हौस डोकें वर काढते. टपावर सामानाची चौकट बसवावी, साधीं चाकें काढून मिश्रधातूचीं चकचकीत चाकें घ्यावींत, जीपगाडी असेल तर तिला ओढण्याचा आंकडा लावावा, शर्यतीची आवड असेल तर आसनेंच बदलावींत, असे एकामागून एक बेत होऊं लागतात. या प्रत्येक वस्तूची किंमत, रंग आणि घडण यांची घरांत भरपूर चर्चा होते. पण ती वस्तु ज्या बोल्टांनीं गाडीला धरून राहावयाची त्यांचें नांवही कोणी काढीत नाहीं. फिटर आपल्या डब्यांत हात घालतो, मापाला जुळेल तो बोल्ट काढतो, आटे बसले म्हणजे पान्यानें आवळतो आणि काम झालें असें सांगतो. तो बोल्ट पूर्वीं कोणत्या यंत्रांत होता आणि किती वेळां आवळला गेला, हें त्यालाही ठाऊक नसतें.

भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम अशा फेरबदलांना मर्यादा घालतें. मूळ कारखानदारानें दिलेल्या आणि नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकाला करतां येत नाहीं. म्हणून मोठें काम काढण्यापूर्वीं परिवहन कचेरींत चौकशी करणें इष्ट. तथापि कायद्याच्या चौकटींत राहून केलेला लहानसा बदलही अखेर बोल्टावरच टांगलेला असतो.

किती जोर टांगलेला असतो, हें आसनाच्या पट्ट्यावरून चांगलें कळतें. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशीं ५० किलोमीटर वेगाच्या मोटारींत बसला आहे आणि गाडी आदळून त्याचें शरीर सुमारें ६० सेंटिमीटर अंतरांत थांबतें, असें धरावें. साध्या गणितानें पट्ट्यावरचा सरासरी जोर ११०० किलो वजनाहून अधिक भरतो. एखाद्या क्षणीं तो याहूनही पुष्कळ वाढतो. पट्टा तीन ठिकाणीं बांधलेला असला तरी हा भार तिन्ही ठिकाणीं सारखा वाटला जात नाहीं. म्हणूनच मिलिमीटरांच्या मापानें बनलेल्या अनेक मोटारींतही पट्ट्याचा बोल्ट तेवढा ७/१६ इंच व्यासाचा, इंचाला २० आटे असलेला, असा खास ठेवलेला आढळतो. आसन बदलतांना तो हरवला तर डब्यांतला जवळच्या मापाचा बोल्ट ठोकून बसवणें म्हणजे पट्टा नसल्यासारखेंच आहे. पट्ट्यासाठीं बनवलेला तसाच बोल्ट आणावा.

आतां बोल्ट काम कसें करतो तें पाहूं जातां पुष्कळांची समजूत उलटी असते, असें दिसतें. बोल्ट म्हणजे दोन पत्र्यांतून घातलेली खुंटी, आणि पत्रे सरकूं लागले म्हणजे ती त्यांना अडवते, असें सामान्यतः मानलें जातें. वस्तुतः नीट आवळलेला बोल्ट हा एक ताणलेला स्प्रिंग असतो. लांकडाच्या मोळीला दोर करकचून बांधला तर काटक्या एकमेकींवर दाबून राहतात; त्या घसरत नाहींत आणि दोरही झिजत नाहीं. तोच दोर सैल राहिला तर प्रत्येक पावलाला मोळी हलते, दोर घासतो आणि वाटेंत तुटतो. बोल्टाचेंही असेंच आहे. आवळतांना तो केसभर लांबतो, परत आंखडूं पाहतो, आणि त्या ओढीनें दोन भाग एकमेकांवर इतके दाबले जातात कीं त्यांच्यामधील घर्षणच भार पेलतें. रस्त्यावरील धक्क्यांचा फारच थोडा अंश बोल्टापर्यंत पोंचतो. ताण कमी असेल तर मात्र प्रत्येक धक्का बोल्टाला कमीअधिक ताणतो, आणि हजारों धक्क्यांनंतर चांगला जाड बोल्टही थकून तुटतो. मोटारींतील तुटलेल्या बोल्टांपैकीं पुष्कळ दुबळे नसतात, अपुरे आवळलेले असतात.

बोल्टाची शक्ति त्याच्या डोक्यावर लिहिलेली असते. मेट्रिक बोल्टावर ४.६, ८.८, १०.९, १२.९ असे आंकडे कोरलेले दिसतात. पहिल्या आंकड्याला शंभरानें गुणलें म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढ लागली असतां तो तुटेल तें कळतें. टिंबापुढचा आंकडा सांगतो कीं त्या ओढीच्या किती दशांशाला तो कायमचा लांबूं लागेल. अर्थात् ८.८ चा बोल्ट ८०० न्यूटनांना तुटतो आणि ६४० च्या सुमारास आपलें मूळ माप सोडतो. घरगुती हिशेबांत सांगावयाचें तर १० मिलिमीटर व्यासाचा ४.६ जातीचा बोल्ट कायमचा न लांबतां सुमारें १३०० किलोंची ओढ सोसतो, ८.८ चा सुमारें ३४०० किलोंची, आणि १२.९ चा ५७०० किलोंची. तिन्ही बोल्ट दिसावयास सारखे; भेद केवळ पोलादांत आणि त्याला दिलेल्या तावांत आहे. डोक्यावर आंकडाच नसेल तर तो बोल्ट दुबळ्यांतला दुबळा समजावा.

जुन्या अमेरिकी जीपगाड्यांचे शोकीन महाराष्ट्रांत कमी नाहींत. त्यांच्या गाड्यांत इंची आटे असतात आणि बोल्टाच्या डोक्यावर आंकड्यांऐवजीं रेघा असतात : तीन रेघा म्हणजे पांचवी प्रत, साधारण ८.८ च्या जवळची. सहा रेघा म्हणजे आठवी प्रत, १०.९ च्या जवळची. जुन्या विलायती गाड्यांतील व्हिटवर्थ आटे आणखी निराळे, त्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाचा विलायती जाड आट्याचा बोल्ट इंचाला १२ आट्यांचा आणि अमेरिकी १३ आट्यांचा असतो. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि मग फिटर पान्याला नळी लावून त्याला पुढें ढकलतो. आटे तेथेंच मरतात.

इतकें कळल्यावर साहजिक वाटतें कीं सर्वत्र १२.९ च घालावा म्हणजे प्रश्न मिटला. येथेंच खरी फसगत आहे. बोल्टाची अधिक शक्ति तो अधिक ताणला तरच उपयोगीं पडते. ८.८ च्या जागीं १२.९ घालून जुन्याच जोरानें आवळला तर दाब पूर्वींइतकाच पडतो. मिळालें कांहींच नाहीं. आणि नव्या बोल्टाच्या योग्यतेप्रमाणें आवळला तर खालचा मऊ पत्रा दबतो, किंवा भोंक ॲल्युमिनियमांत असेल तर त्यांतले आटे उपटून येतात. बोल्ट, नट, वॉशर आणि ज्यांत तो बसावयाचा तो भाग हें एक कुटुंब आहे. ८.८ ला आठ नंबरचा नट, १०.९ ला दहा नंबरचा नट आणि कठीण केलेला वॉशर लागतो. पोलादांत निदान बोल्टाच्या व्यासाइतके आणि ॲल्युमिनियमांत दीड ते दोन पट लांबीचे आटे गुंतले पाहिजेत. मोटारींच्या शर्यतींची जागतिक संस्था छपराखालच्या संरक्षक पिंजऱ्याच्या प्रत्येक पायाला निदान ८ मिलिमीटरचे, ८.८ जातीचे तीन बोल्ट मागते, याहून कठीण जातीची सक्ती करीत नाहीं. पण त्याखालीं ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरांची पोलादी पट्टी मात्र हवीच म्हणते. पट्टी नसेल तर अपघातांत बोल्ट शाबूत राहतो आणि गाडीच्या तळाचा पत्राच फाटून वर येतो.

दुसरा मोह स्टेनलेसचा. मुंबईच्या किंवा कोंकणच्या खाऱ्या हवेंत दोन पावसाळ्यांत साधा बोल्ट तांबडा होतो, आणि स्टेनलेसचा तसाच झळकत राहतो. पण बाजारांत ए२-७० या खुणेनें मिळणारा स्टेनलेस बोल्ट ८.८ हून दुबळा असतो. १० मिलिमीटरचा असेल तर ३४०० किलोंऐवजीं २६०० च्या आसपासच सोसतो. शिवाय त्याचे आटे आवळतांना एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून वंगण लावावें लागतें, आणि वंगण लावलें म्हणजे कमी जोरानें आवळावें लागतें. ॲल्युमिनियमाशीं त्याची सोबत खाऱ्या ओलींत वाईट; बोल्ट चकचकीत राहतो आणि भोंवतालचें ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतें. नंबरपट्टी, आंतली शोभेची पट्टी, दिव्याची चौकट येथें स्टेनलेस खुशाल वापरावें. आसन, पट्टा, ब्रेक, चाकें आणि स्टिअरिंग येथें नको. ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट तर केवळ अलंकार होत. टायटॅनियम हलकें आणि मजबूत खरें, पण पोलादाच्या जवळजवळ निम्म्या ताठपणाचें. कारखानदारानें त्यासाठीं हिशेब केलेला नसेल तर तें पोलादाच्या जागीं घालूं नये.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. १२.९ चे बोल्ट बहुधा काळे मिळतात. काळा रंग गंज रोखीत नाहीं, म्हणून एखादा हौशी मनुष्य ते जस्ताचा मुलामा देण्याच्या कारखान्यांत पाठवतो. आम्लांत बुडवतांना आणि विजेनें मुलामा चढतांना हायड्रोजन वायु त्या अतिकठीण पोलादांत शिरतो. बोल्ट बाहेरून देखणा दिसतो, व्यवस्थित आवळला जातो, आणि मग कांहीं तासांनीं किंवा दिवसांनीं, गाडी उभी असतांनाही, त्याचें डोकें तुटून पडतें. मऊ जातींना हा रोग सहसा होत नाहीं. जात जितकी कठीण तितकी भीति अधिक. एंजिनाच्या धुराच्या नळीपाशींही वेगळीच काळजी लागते. तेथें साधा ताव दिलेला बोल्ट उष्णतेनें आपला ताव हरवतो, म्हणून उष्णता सोसणारे खास बोल्ट आणि तांब्याचा मुलामा असलेले नट घालतात.

खूण कोरलेली आहे एवढ्यावरही सर्वस्वी विसंबतां येत नाहीं. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत सहा रेघांचे, पण हलक्या पोलादाचे असे खोटे बोल्ट इतके पसरले कीं तेथील काँग्रेसला चौकशी करावी लागली आणि १९९० सालीं बोल्टांच्या गुणवत्तेचा कायदाच करावा लागला. म्हणून डोक्यावर जातीच्या आंकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूणही असावी, आणि खरेदी सुट्या ढिगांतून न करतां बंद पुडींतून, पावतीसह करावी. भारतांत बोल्टांसाठीं आय. एस. १३६७ हें प्रमाण आहे. पुडीवर तें पाहावें.

आवळण्याचा जोर हा या सर्वांचा प्राण. १० मिलिमीटरच्या ८.८ बोल्टाला साधारण ५० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारें २० किलोंचा जोर. त्या जोरापैकीं सुमारें निम्मा डोक्याखालच्या घर्षणांत, बराचसा आट्यांच्या घर्षणांत जातो, आणि बोल्ट ताणण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्यामुळें कोरड्या बोल्टासाठीं दिलेल्या आंकड्यानें तेल लावलेला बोल्ट आवळला तर तो फाजील ताणला जातो. हाताच्या अंदाजाऐवजीं टॉर्क रेंच वापरण्याचें कारण हेंच. स्प्रिंग वॉशर घातला म्हणजे नट सुटत नाहीं, ही समजूतही गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर टिकली नाहीं. आडव्या थरथरीनें नट सुटतो, आणि पुरेसा ताण हाच त्याला मुख्य अडसर असतो.

चाकें बदलणाऱ्यानें आणखी एक गोष्ट पाहावी. कांहीं चाकांची बोल्टाची बैठक शंकूसारखी, कांहींची गोलाकार असते. एकीचा नट दुसरीवर बसला तरी तो कडेच्या अरुंद पट्टीवरच टेकतो आणि पुढें सैल होतो. जुना नट नव्या चाकांत बसवून पाहतांना निदान व्यासाइतके आटे गुंततात कीं नाहीं तें फेरे मोजून ठरवावें. नंतर गाडी ८० ते १०० किलोमीटर चालवावी आणि चाकें थंड असतांना प्रत्येक नट टॉर्क रेंचनें पुन्हां तपासावा. नव्या चाकाचा रंग बैठकीखालीं दबून ताण उतरलेला असतो. एखादा नट फिरला, तर तेवढेंच अंतर आणखी चालवून सर्व नट पुन्हां तपासावे.