रहस्य उलगडले, गुन्हा उरला

रहस्यकादंबरी हाती घेताना वाचकाने लेखकाशी एक अलिखित करार केलेला असतो. शेवटच्या पानापूर्वी गुन्हेगार सापडलाच पाहिजे, हे त्यातील मुख्य कलम. बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेल्या मराठी वाचकास हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अलीकडच्या काळात या कादंबरीने वाडे आणि बंगले सोडून अरण्यात व पाणथळीत प्रवेश केला. जॉन ग्रिशॅम यांची १९९२ सालची 'द पेलिकन ब्रीफ' ही कादंबरी त्याचे ठळक उदाहरण होय. लुइझियानातील दलदलीखालच्या तेलावर एका धनाढ्याची नजर असते; तेथील पेलिकन पक्ष्यांच्या रक्षणासाठी चाललेला खटला त्याच्या आड येतो; आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचे खून पडतात. अखेर सूत्रधार उघडा पडतो व वाचक समाधानाने पुस्तक मिटतो.

हे समाधान कितपत खरे, असा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसास पडल्यावाचून राहत नाही. कारण अशा कादंबरीस शोभेल असे स्थळ आपल्या उशाशी आहे. लोणारचे सरोवर उल्कापाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेल्या विवरात साठले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. खारट व अल्कधर्मी पाणी, काठची झाडी, पडझड झालेली प्राचीन मंदिरे आणि मोर यांनी भरलेला हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. एकेकाळी येथील क्षार गोळा करून विकले जात. म्हणजे या पाण्याचा बाजारभावही कधी काळी ठरलेला होता.

जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि साऱ्या देशाचे लक्ष लोणारकडे वेधले गेले. तर्कवितर्कांना ऊत आला. नमुने तपासले गेले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. पाण्याची पातळी घटली, क्षारता वाढली आणि 'हॅलोआर्किया' नावाचे हे जीव फोफावले. पुढे पाऊस आला, रंग ओसरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोणारला 'रामसर' पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. रहस्यकथा येथे संपते.

परंतु खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. गावाचे सांडपाणी आणि भोवतालच्या शेतांतील खते, कीटकनाशके सरोवराकडे वाहत येतात, ही तक्रार गुलाबी रंगाच्या कितीतरी आधीची. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंतही पोहोचली होती. सांडपाण्याची वाट सर्वांस ठाऊक होती. तिच्यात रहस्य असे काहीच नव्हते. कदाचित म्हणूनच ती बघायला कोणी गाड्या करून आले नाही.

अर्थशास्त्रात याचा खुलासा सापडतो. एखाद्याच्या व्यवहाराचा भार व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर पडला, तर तो भार कोणाच्याच वहीत मांडला जात नाही, हे पिगू यांनी १९२० साली 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात सविस्तर मांडले. प्रत्येक मोरी आपल्यापुरती निरुपद्रवी असते. लाभ रोजचा व रोखीचा. हानी मात्र उधारीची, आणि ती उधारी सरोवराच्या नावावर चढते.

हानी करणारी एकच बलाढ्य कंपनी असली, तरी चित्र फारसे सोपे होत नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली एक अनाकलनीय आजार उघडकीस आला. चिसो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्रात जात होता. तेथून तो माशांत व माणसांत पोहोचला. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ साली मांजरांवर प्रयोग करून सांडपाण्याचा दोष पाहिला होता. तो निष्कर्ष दडपण्यात आला. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले १९६८ साली. मधली नऊ वर्षे केवळ मालकांच्या कारस्थानावर निभावली नाहीत. कारखाना हेच गावाच्या रोजगाराचे व करांचे मोठे साधन असल्याने आजारी माणसांकडेच संशयाने पाहिले गेले. तेथे एक खलनायक होता खरा. पण त्याच्यामागे गप्प बसलेले एक अख्खे शहर उभे होते.

ही दुसरी बाजू पेलणारी मराठी रहस्यकादंबरी मला वाचावयाची आहे. आपल्याकडे अरण्याचे लेखन आणि रहस्यकथा हे प्रवाह बहुतांशी वेगळेच वाहिले. त्यांचा संगम व्हायचा, तर पिस्तूलधारी गुप्तहेराची जरूर नाही. कल्पनेतल्या अशा कादंबरीचा नायक एखादा वरिष्ठ लिपिक असावा. न चालणाऱ्या यंत्राचे देयक मंजूर कसे झाले, 'काम पूर्ण' हा दाखला कोणत्या तारखेचा, आवक नोंदवहीतील पान का फाटले, एवढेच त्याने शोधावे. कंत्राटदार कंपनीचा लोभ तेथे दिसेल. तसेच सही करणाऱ्याची भीती, न विचारणाऱ्या शिक्षकाचा आळस आणि घराची मोरी नाल्यात सोडून निश्चिंत झालेला नागरिकही दिसेल. शेवटच्या पानावर एकाला बेड्या पडतील. परंतु वाचकाला कराराप्रमाणे सुटका मिळणार नाही.

अशी कादंबरी लिहिली जाईल तेव्हा जाईल. तिचे पहिले प्रकरण मात्र कोणाही विद्यार्थ्यास आज सुरू करता येईल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचे शुल्क अवघे १० रुपये आहे. आपल्या गावचे सांडपाणी कोठे जाते, ते अडविण्यासाठी किती पैसा मंजूर झाला आणि काम पुरे झाल्याची सही कोणाची, हे तीन प्रश्न त्याने लिहावेत व अर्जाची पोच जपून ठेवावी.